मास्तरांचं खासगी पॅकेज

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी विभागप्रमुख बाईंनी केबिनच्या आतूनच हाक मारली, "मास्तर! एडिटर उघडायला साडेचार मिनिटं? तेवढ्यात मी चहा पिऊन कप विसळून आले!"

बाईंचा आवाज असा होता, की केबिनचं दार बंद असलं तरी खालच्या मजल्यावर खोकी बांधणारी माणसं हातातलं काम थांबवून वर बघत. मास्तर लगबगीने उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

"पॅकेजं जरा जास्त झालीत मॅडम."

"मग कमी करा. आज दुपारी तीनला ट्रककाट्याचे ग्राहक येतायत. पुस्तिका त्यांच्या हातात पडली पाहिजे. आणि मी ती त्यांना वाचून दाखवणार आहे, माहितीये ना?"

माहीत होतं. नवीन पुस्तिकेतलं देखभालीचं प्रकरण ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवायचं, ही बाईंची जुनी पद्धत होती.

कारखाना वजनकाट्यांचा. दागिने तोलायच्या चिमुकल्या काट्यापासून ते भरलेला ट्रक जसाच्या तसा तोलणाऱ्या अवाढव्य काट्यापर्यंत सगळं तिथे बनायचं आणि प्रत्येक काट्याबरोबर जाणारी माहितीपुस्तिका दुसऱ्या मजल्यावरच्या या विभागात तयार व्हायची. लिहिणारे मास्तर. ते कुठल्या शाळेत कधीच शिकवायला नव्हते. पण दुसऱ्याच्या मजकुरात एखादी वेलांटी चुकलेली दिसली की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे, म्हणून मास्तर. शेजारच्या टेबलावर चित्रकार. पुस्तिकेतल्या आकृत्या ते काढायचे. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. शिंक आली तरी ती रुमालात दाबून वर "सॉरी" म्हणायचा.

पुस्तिका ज्या एडिटरमध्ये लिहिल्या जात, तो मुळात अगदी साधा होता. अक्षरं टाइप करा, साठवा, झालं. बाकी जे काही हवं ते छोट्या छोट्या पॅकेजांच्या रूपात उतरवून त्याला जोडायचं. शुद्धलेखन तपासायला एक, तक्ते आखायला एक, असं. मास्तरांना या पॅकेजांचा नादच लागला होता. त्यांनी एकूण त्रेसष्ट जमवली होती. एक चंद्राची कला दाखवायचं. एक प्रत्येक कळ दाबली की जुन्या टाइपरायटरसारखं टकटक वाजायचं. एक दर तासाला "पाठ ताठ ठेवा" अशी पाटी झळकवायचं आणि मास्तर खरंच पाठ ताठ करायचे. विभागातल्या सातही संगणकांसाठी पॅकेजांचा एक सामायिक संग्रह होता. त्यात जे ठेवाल ते पाच मिनिटांत प्रत्येकाच्या यंत्रावर आपसूक उतरायचं, आणि तो संग्रह सांभाळायचं काम मास्तरांकडे होतं. ते मिळालं त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, "आता अख्खा विभाग माझ्या हातात."

"बरं," बायको म्हणाली होती, "हात धुऊन घ्या, पानं वाढलीयत."

या त्रेसष्टांखेरीज मास्तरांचं एक चौसष्टावं पॅकेजही होतं. ते त्यांनी स्वतः बनवलेलं होतं आणि फक्त त्यांच्याच यंत्रावर होतं. सुरुवात अगदी निरागस होती. कार्यालयीन पत्रांत प्रत्येकाचं लांबलचक पद पुन्हा पुन्हा लिहावं लागे. मास्तरांनी त्यासाठी छोटे शब्द ठरवले. छोटा शब्द लिहायचा आणि फाइल साठवली की त्याच्या जागी पूर्ण पद येऊन बसायचं. आता छोटा शब्द कुठला घ्यायचा, हे तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर. भांडारात गेलेली वस्तू पुन्हा कामाची राहत नाही, म्हणून मुख्य भांडारपालांसाठी 'गंज'. विक्री व्यवस्थापकांच्या बोलण्यावरून माणूस घसरायचा, म्हणून 'वंगण'. गुणवत्ता अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेष कधी हलत नसे, ते 'ठोकळा'. आणि माननीय विभागप्रमुख महोदयांसाठी 'भोंगा'. असे एक्केचाळीस शब्द झाले होते. पुस्तिका लिहायला घेतली की मास्तर हे पॅकेज आठवणीने बंद ठेवत. पत्र लिहिताना मास्तर मनातल्या मनात खुदकन हसायचे, आणि बाहेर जाणारं पत्र मात्र अदबीने ओथंबलेलं असायचं. यात कुणाचं काय बिघडत होतं?

साडेदहाला त्यांनी साफसफाईला हात घातला. विभागातले संगणक सांभाळणारा सिस्टिमवाला पाठीमागे येऊन उभा राहिला.

"मास्तर, काढताना बघा हां. एका पॅकेजच्या जिवावर दुसरं चालत असतं कधीकधी."

"मला शिकवू नका. हा संग्रह मी लावलाय," मास्तर म्हणाले. त्यांनी चंद्र काढला. पाठ ताठ ठेवणारं काढलं. टकटक काढताना जीव थोडा तुटला, पण तेही काढलं.

पाच मिनिटांनी चित्रकारांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, तुमचे तक्ते... असेच असायचेत का?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. ट्रककाट्याच्या पुस्तिकेतले एकोणीस तक्ते विस्कटून एकमेकांत घुसले होते. कमाल भाराच्या रकान्यात रंगांची नावं होती आणि हमीच्या मुदतीच्या जागी किलोग्रॅम. तक्ते आखणारं पॅकेज आपला एक बारीकसा भाग टकटकवाल्याकडून उसना घेत होतं, ते असं कळलं. केबिनमधून हाक आली, "मास्तर, झालं का?" परत आणायला कुठलं आणायचं, कुठलं नाही, हे ठरवायला वेळ कुणाला होता? पडद्यावर एक बटण होतं, 'या यंत्रावरचं सगळं पूर्ववत करून सर्वांना पाठवा'. मास्तरांनी ते दाबलं.

तक्ते जागेवर आले. टकटक सुरू झाली. चंद्रसुद्धा उगवला. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. 'सगळं' या शब्दात त्यांचं चौसष्टावं पॅकेजही येतं आणि ते पाच मिनिटांत उरलेल्या सहा यंत्रांवर चालू होऊन बसलंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाराच्या पुढे चित्रकारांनी पुस्तिकेत आपल्या आकृत्या लावल्या आणि फाइल साठवली. दोन वाजता सहा प्रती छापून, शिवून तयार झाल्या. त्या उघडून बघायची मास्तरांना गरज वाटली नाही. मजकूर त्यांचा होता. त्यात वेलांटी चुकणं शक्य नव्हतं.

तीन वाजता बैठकीच्या खोलीत सगळे जमले. ग्राहकांकडून एक वयस्कर अभियंता बाई आल्या होत्या, केस बारीक कापलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मान राखायचा म्हणून भांडारपाल, विक्री व्यवस्थापक आणि गुणवत्ता अधिकारीही येऊन बसले होते. विभागप्रमुख बाईंनी घसा साफ केला आणि प्रकरण सहावे, देखभाल, उघडलं.

"तळपट्टीवर," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मुख्य भांडारपाल दिसल्यास खरखरीत कागदाने घासून काढावा."

भांडारपालांनी चमकून मान वर केली. बाईंना वाचताना अर्थाकडे लक्ष द्यायची सवय नव्हती. त्या उच्चारांकडे लक्ष देत. "विक्री व्यवस्थापक दर सहा महिन्यांनी बदलावे. जुने विक्री व्यवस्थापक फडक्याने पुसून टाकावे."

विक्री व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागून माणूस निघून गेला. मास्तर खुर्चीत खाली सरकले. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. त्यांनीच लिहिलं होतं.

"चाकाखाली गुणवत्ता अधिकारी ठेवल्याशिवाय ट्रक चढवू नये."

अभियंता बाईंनी चष्मा वर केला. "आमच्याकडे दिवसाला सत्तर ट्रक येतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "एवढे अधिकारी पुरवाल तुम्ही?"

आता मात्र विभागप्रमुख बाई थांबल्या. पण डोळे पुढच्या ओळीवर गेलेच होते आणि तोंड डोळ्यांच्या मागोमाग गेलं. "क्षमतेपेक्षा जास्त भार पडल्यास माननीय विभागप्रमुख महोदया वाजू लागतो. माननीय विभागप्रमुख महोदया थांबत नसल्यास त्याची तार..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली.

"ही फाइल शेवटी कुणी हाताळली?"

सिस्टिमवाल्याने आपल्या संगणकात पाहिलं. "बारा वाजून चाळीस मिनिटांनी. चित्रकारांच्या यंत्रावरून."

सगळ्या माना चित्रकारांकडे वळल्या. ते उभे राहिले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"मी फक्त आकृत्या लावल्या मॅडम."

"मग हे शब्द काय आकृतीतून सांडले?"

"नाही मॅडम. सॉरी मॅडम."

"सॉरी काय सॉरी! जे झालं ते आत्ता इथे लेखी द्या. ग्राहकांसमोर! वीस वर्षांत असं झालं नव्हतं!"

इथे मास्तरांनी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यांनी. पण बाहेर आलं ते, "मी जरा पाणी पिऊन येतो."

पाण्याकडे ते गेलेच नाहीत. तडक आपल्या टेबलाशी आले. डोक्यात हिशेब झाला होता. पॅकेज संग्रहातून काढायचं, सातही यंत्रांवरून ते नाहीसं होईल, मग कुणाला काय सापडणार आहे? यंत्राने काहीतरी घोटाळा केला म्हणून सगळे गप्प बसतील. चित्रकारांवर थोडा ठपका येईल, पण तो माणूस तसा सोशिक आहे. मास्तरांनी 'काढून टाका' वर बोट नेलं. पडद्यावर पाटी आली: 'हे पॅकेज सात जण वापरत आहेत. तुम्हाला खात्री आहे का?'

बैठकीच्या खोलीला काचेची भिंत होती. त्यातून चित्रकार दिसत होते. त्यांना पेन मिळालं नव्हतं. खिशातल्या आकृत्या काढायच्या पेन्सिलीनेच ते खाली मान घालून लिहीत होते, मध्येच खोडत होते आणि पुन्हा लिहीत होते. न केलेल्या चुकीला शब्द तरी कुठून आणायचे?

मास्तरांना स्वतःची अशी लाज वाटली की कपाळापासून मानेपर्यंत आग आग झाली. ते तसेच उठले आणि खोलीत परत गेले.

"मॅडम, ते माझं आहे."

"काय तुमचं?"

"पॅकेज. शब्द. सगळंच. चित्रकारांचा काही संबंध नाही. त्यांना लिहू नका म्हणावं."

"कसले शब्द? नीट सांगा!"

नीट सांगणं अवघड होतं. मास्तरांनी दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळले. शेवटी सिस्टिमवाल्याने मदत करायच्या चांगल्या हेतूने ती यादी सरळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली. डावीकडे छोटा शब्द, उजवीकडे पूर्ण पद. एकूण एक्केचाळीस ओळी, आणि वर ठळक अक्षरांत 'निर्माता: मास्तर. आवृत्ती सातवी'.

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायची वेळ माणसावर येते, तेव्हा जमीन सहसा टणक असते. मास्तर उभे राहिले. सगळे आपापली ओळ शोधत होते. सापडली की मान खाली जात होती.

"सातवी आवृत्ती?" बाईंनी विचारलं.

"सुधारणा होत गेल्या मॅडम," मास्तर म्हणाले.

अभियंता बाईंनी पुस्तिकेची ती प्रत आपल्या पिशवीत घातली. दुरुस्त पुस्तिका पाठवा, पण ही मी ठेवते, आमच्याकडची माणसं निदान ही तरी वाचतील, एवढं बोलून त्या गेल्या.

पाच वाजेपर्यंत मास्तरांनी एकेक शब्द शोधून पुस्तिका सरळ केली. तेवढ्या वेळात एकेक जण टेबलाशी येऊन गेला. भांडारपाल येऊन म्हणाले, "गंज का हो? मी रोज सगळं पुसून घेतो." विक्री व्यवस्थापक म्हणाले, "वंगण! वा! आपल्याला आवडलं बुवा, अगदी मनापासून," आणि जाताना खुर्चीला लाथ मारून गेले. गुणवत्ता अधिकारी चार मिनिटं नुसते उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत आणि निघून गेले. सगळ्यात शेवटी बाई आल्या. मास्तर उठून उभे राहिले. बाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "माझा आवाज खरंच एवढा मोठा आहे?"

त्या कुजबुजू शकतात हे मास्तरांना पहिल्यांदाच कळलं. "नाही मॅडम. म्हणजे... चुकलो मी."

"तुमच्या यंत्रावर यापुढे एकही पॅकेज नको. नुसता एडिटर," त्या तशाच हळू आवाजात म्हणाल्या, आणि ती शिक्षा ओरडण्यापेक्षा जड वाटली.

सगळे पांगल्यावर मास्तर शेजारच्या टेबलाकडे वळले. "माफ करा हो. तुमच्यावर उगाच आलं. मी आधीच बोलायला हवं होतं."

"त्याचं काही नाही," चित्रकार म्हणाले. त्यांनी त्या यादीची एक प्रत छापून घेतली होती. बोट ठेवून ते वरपासून खालपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. "मास्तर, यात मी कुठला?"

"तुम्ही? तुम्ही नाही त्यात."

"खालचे खोकीवाले आहेत."

"हो."

"दारावरचे रखवालदार आहेत. पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला वर्षातून एकदा येतो तो माणूसही आहे. 'गळती' म्हणून."

"तुमच्याबद्दल कधी वाईट काही सुचलंच नाही हो मला," मास्तर घाईने म्हणाले.

"चांगलं?"

मास्तरांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"अकरा वर्षं शेजारी बसतोय," चित्रकार म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि सवयीने "सॉरी" म्हणून घरी गेले.

संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. गंज ऐकून ती हसली, ठोकळा ऐकून फार हसली. चित्रकारांचं ऐकल्यावर मात्र हसायची थांबली.

"त्यांना मुलं किती?"

"माहीत नाही."

"राहतात कुठे?"

"बसने येतात. बहुतेक."

"अकरा वर्षं!" बायको म्हणाली. "अहो, त्या गळतीवाल्याला तुम्ही वर्षातून एकदा बघता आणि त्याला नाव ठेवता. ज्यांना नावं ठेवलीत त्यांच्याकडे तुम्ही निदान बघितलं तरी होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आपली खुर्ची ओढत चित्रकारांच्या टेबलाशी जेवायला गेले. चित्रकार इतके गडबडले की त्यांनी आधी आपलं जेवणच झाकलं. मग हळूहळू बोलू लागले. दोन मुली होत्या, धाकटी पोहण्याच्या शर्यतींत उतरायची. त्यांना स्वतःला पाण्याची भीती वाटायची, तरी प्रत्येक शर्यतीला ते काठावर उभे राहायचे. मास्तर ऐकत राहिले. शेवटी धीर करून म्हणाले, "बघा, राग मानू नका, पण तुमच्यासाठी एखादं नाव... म्हणजे तुम्हाला हवं असेल तर. पॅकेजबिकेज नाही, नुसतं नाव."

"मी विचार करून सांगितलं तर चालेल?" चित्रकारांनी विचारलं.

बुधवारी सकाळी मास्तरांच्या टेबलावर एक कागद होता. अगदी सुबक अक्षरात, पट्टीने रेघ मारून, तीन ओळी लिहिल्या होत्या:

'१. वाघ. २. तुफान. ३. नाहीतर तुम्हाला योग्य वाटेल ते.'

मास्तरांनी शेजारी पाहिलं. चित्रकार मान खाली घालून एका खिळ्याची आकृती काढत होते आणि त्यांचे कान परवासारखेच लाल झाले होते. मास्तरांना हसू आलं नाही. तिसरी ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांनी दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली, कागद घेऊन ते बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं आत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. सोमवारपासून बाई हळू आवाजातच बोलत होत्या.

अकराच्या सुमाराला मात्र केबिनचं दार धाडकन उघडलं आणि बाईंनी सगळ्या मजल्याला, खालच्या खोकीवाल्यांनाही ऐकू जाईल अशी हाक मारली, "तुफान! तळपट्टीची आकृती झाली का?"

चित्रकार असे उठले की त्यांची खुर्ची मागे उलटी पडली. पन्नाशीचा तो किरकोळ माणूस क्षणभर तसाच ताठ उभा राहिला. मग म्हणाला, "झाली मॅडम!"

आणि या वेळी तो 'सॉरी' म्हणाला नाही.